भाऊजी, पंख्याची जागा चुकली होती

भाऊजी, तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. ताईचा रिपोर्ट सकाळी मिळाला. पाकीट माझ्यासमोर टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही. फ्रीगंजच्या लॅबवाल्यानं पाकीट हातात देताना म्हटलं, "सर, डॉक्टर को दिखा दीजिएगा." तो सगळ्यांनाच असं म्हणत असेल. पण मी स्कूटर सुरू करायची सोडून पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो, त्याच्या आवाजात काही होतं का, हे आठवत. तुमचा पहिला रिपोर्ट आणला तेव्हाही असाच उभा राहिलो होतो.

तुमच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडांत जे जाऊन बसलं, ते ताईच्याही शरीरात आहे का, आणि असलं तर किती, एवढंच त्या कागदावर आहे. मला त्याची भीती वाटते. आणि त्याहून जास्त भीती मला माझी वाटते. कारण आधी आपण बघून घ्यावं, मग कसं सांगायचं ते ठरवावं, असं मन सकाळपासून सांगतंय. हे मन माझ्या ओळखीचं आहे. ते सात वर्षं असंच सांगत होतं.

तुम्ही मला प्रोफेसर म्हणायचात. मी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत असिस्टंट, बाटल्या भरणारा आणि बर्नर दुरुस्त करणारा माणूस. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तरी पटनी बाजारात कोणी भेटलं की, "हे आमचे मेव्हणे, सायन्सवाले." आणि मी गप्प बसलो की, "प्रोफेसर, तोंड उघडा, जरा हवा तरी जाऊ द्या आत." ताई हसायची. मीही हसायचो आणि तोंड उघडायचो नाही. आज उघडतोय. हा मजकूर आपल्या मराठी मंडळाच्या अंकात जाईल, सराफ्यातली मराठी घरं तो वाचतील, उरलेल्यांना हिंदीत कोणीतरी सांगेल. मला तेच हवंय. का, ते पुढे येईल.

तुमची ती समोरची खोली. गल्लीकडे तोंड असलेली, जेमतेम दहा फुटांची. भिंतीला पाठ लावून तुमची गादी, पुढ्यात ठेंगणा पाट, पाटापलीकडे गल्लीत उघडणारी खिडकी, आणि तुमच्या डोक्यामागे उंचावर एक रोशनदान, म्हणजे हवेचा झरोका. घराण्यातले लोक मराठ्यांच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून इकडे आले तेव्हापासून देवांची चांदी घडवत आलेत, असं तुम्ही सांगायचात. मुकुट, छत्र, डोळे, पावलं. तुमच्या हातचे देवाचे डोळे बघून लहानपणी मला भीती वाटायची, कारण ते पाटावर नुसतेच पडलेले असायचे, चेहऱ्याशिवाय, वर बघत. ताईचं लग्न झालं तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्या दिवाळीला आलो तर तुम्ही मला पाटाशी बसवलंत, हातात टाकणखाराची वाटी दिलीत आणि म्हणालात, "साळेबुवा, नुसतं बघायचं नाही, हात लावायचा." माझ्या घरात मला कोणी कशाला हात लावू दिला नव्हता. रसायनाची गोडी मला कॉलेजात लागली असं मी सगळ्यांना सांगतो. ती त्या वाटीत लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चांदीचे दोन तुकडे जोडायचे तर मध्ये टाका द्यावा लागतो, म्हणजे चांदीहून लवकर वितळणारा धातूचा छोटा तुकडा. तुमच्या वडिलांच्या वेळी टाक्यात पितळ असायचं, ते हट्टी, उशिरा वितळायचं. मग कॅडमियम आलं आणि टाका पाण्यासारखा धावायला लागला. "मक्खन है, मक्खन," तुम्ही म्हणायचात. पण ज्योत लागली की ते कॅडमियम टाक्यात सगळं थांबत नाही. थोडं वाफ होऊन उडतं आणि हवेत त्याचे कण होतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत. ते श्वासाबरोबर सरळ आत जातात आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक छोटी बरणी कुलपात होती, कवटीचं चित्र असलेली. तुमच्याकडे तीच वस्तू चहाच्या कपाशेजारी असायची.

अकरा वर्षांपूर्वी एका देवळाचं मोठं छत्र आलं होतं. तीन दिवस तुम्ही टाके देत बसलात आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला थंडी वाजून ताप आला, छाती आवळून आली. ताईनं मला फोन केला. मी आलो तर तुम्ही गोधडीत बसून गुळाचा खडा चघळत होतात.

"टाक्याचा ताप आहे रे," तुम्ही म्हणालात. "बाबांना पण यायचा. गूळ खाल्ला, दूध घेतलं, की सकाळपर्यंत साफ."

"गूळ पोटात जातो भाऊजी. धूर छातीत जातो."

"मग छातीला जाणारा गूळ आणा तुमच्या कॉलेजातून."

मी तुम्हाला त्या बरणीबद्दल सांगितलं. कवटीबद्दल सांगितलं. ताई दारात उभी राहून ऐकत होती, तिचा चेहरा उतरला. तुम्ही गुळाचा खडा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "तू सांग काय करायचं. तू सांगशील ते करू." भाऊजी, माझ्या आयुष्यात असं मला कोणीच म्हटलं नव्हतं. त्या वाक्यानं मी फुगलो. सगळं पुढचं तिथून सुरू झालं.

मी म्हटलं, धूर बाहेर ओढणारा पंखा बसवू. रोशनदान आयतंच होतं. भिंत फोडायला नको, खिडकीची चौकट कापायला नको. रफीकभाई वायरमन आले. खोली बघून ते तुमच्या गादीवर जाऊन बसले, पाटाकडे बघितलं, मागे वळून वर बघितलं आणि म्हणाले, "साब, सामने खिड़की में लगा दूँ? पीछे से खींचेगा तो उस्ताद के ऊपर से होके जाएगा."

मी त्यांना म्हटलं, "भैया, धुआँ ऊपर जाता है. ये साइंस है."

रफीकभाईंनी मान हलवली आणि शिडी लावली. मी तुम्हाला आणखी एक शहाणपण शिकवलं: टाका देताना खिडकी घट्ट बंद ठेवा, म्हणजे पंख्याला ओढ चांगली मिळेल. तुम्हाला ते बरंच होतं, वाऱ्यानं ज्योत हलायची नाही. म्हणजे पाटावरून उठलेल्या धुराला त्या खोलीतून बाहेर पडायची एकच वाट राहिली. ती तुमच्या तोंडावरून जात होती.

पंखा सुरू झाला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. "आता आमची भट्टी म्हणजे कॉलेजची लॅबोरेटरी." शेजारचे बंसीलालजी आले, त्यांनी पंखा बघितला आणि आठ दिवसांत त्यांच्या दुकानात तसाच बसवून घेतला, गादीच्या मागे, डोक्यावर. गल्लीच्या टोकाच्या दुकानातही तसाच लागला. दोन्हीकडे मी स्वतः जाऊन जागा दाखवली होती.

चार वर्षं मी समाधानात होतो. मग कॉलेजात धूर ओढणारं नवीन कपाट आलं, ज्यात हात घालून विषारी वायूंचे प्रयोग करतात. ते बसवायला आलेल्या मेकॅनिकनं खिशातून उदबत्ती काढली. पेटवून कपाटाच्या तोंडाशी धरली आणि आम्हाला म्हणाला, धूर कुठे जातो ते बघा. माणसाचं नाक धूर आणि पंखा यांच्या मधे आलं तर पंखा नसलेला बरा. पंख्यानं धूर नाकापासून लांब न्यायला हवा, नाकावरून नाही. एवढं साधं. बाकीचे विद्यार्थ्यांसारखे माना डोलवत होते. मला रफीकभाई तुमच्या गादीवर बसलेले दिसले.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही हरसिद्धीच्या देवळात गेला होतात. मी खोलीत गेलो, खिडकी लावली, पाटावर उदबत्ती उभी केली, तुमच्या गादीवर बसलो आणि पंख्याचं बटण दाबलं. धूर सरळ वर गेला नाही. वीतभर वर चढला, वाकला आणि माझ्या तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं. मी मान डावीकडे केली, तो कानाजवळून गेला. मधे आणली की पुन्हा नाकात. मी उठायला हवं होतं, पण बसून राहिलो, जणू थोड्या वेळानं तो दिशा बदलेल.

ताई आत आली. "काय रे, इथे कशाची पूजा?"

"अगं, सहज. वास येत होता खोलीत."

"कसला वास? मला तर नाही आला."

"गेला आता," मी म्हटलं आणि उदबत्ती विझवली.

तेवढ्यात तुम्ही आलात, कपाळावर कुंकू, हातात प्रसाद. मला गादीवर बसलेलं बघून हसलात. "काय प्रोफेसर, नोकरी सोडली वाटतं?" मी तेव्हा सांगू शकलो असतो. अर्धं वाक्य तोंडात होतं. पण तुमच्यामागे बंसीलालजी उभे होते आणि तुम्ही त्यांना म्हणत होतात, "इनका ही पंखा है, तभी तो आज तक खाँसी नहीं." मी प्रसाद घेतला आणि घरी गेलो. दिवाळीच्या सुटीत काहीतरी निमित्त काढून पंखा खिडकीत हलवू, असं ठरवलं. पंखा जुना झाला, नवीन मॉडेल आलंय, असलं काही. चूक न सांगता चूक दुरुस्त करायची होती मला. दिवाळीत तुमच्याकडे काम जास्त होतं. मग होळी आली. मग मी पाटाकडे बघायचंच सोडलं.

आणि पंख्याबद्दल गप्प बसायचं म्हणून बाकी सगळ्याबद्दल बोलायला लागलो. मी, जो बोलत नाही. आपली भांडणं त्यानंतरची आहेत, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मी तुम्हाला दोन गोल डब्या लावलेला रबरी मास्क आणून दिला. तुम्ही तो तोंडाला लावून ताईला घाबरवलंत, मग खाली ठेवलात आणि तुमची वाकडी फुंकणी उचललीत, जिच्यातून तोंडानं फुंकून तुम्ही ज्योत टाक्यावर सोडायचात.

"आता सांग. हा घालून फुंकू कसा? कानातून?"

"फुंकणी सोडा. गॅसची बंदूक घ्या. सगळा सराफा घेतोय."

"सगळा सराफा देवाचे डोळे करत नाही. गॅसनं पापणी जळते. फुंकणीत माझा श्वास असतो, तो मला कळतो."

"तोच श्वास परत आत घेताना काय घेता ते कळतं का?"

"पंखा आहे ना तुझा," तुम्ही म्हणायचात.

मी चिडायचो. तुम्हाला वाटायचं, फुंकणीवरून. दर वेळी तुम्ही पंख्याचं नाव घेतलंत की मी जास्त चिडलो, जास्त बोललो. कॅडमियम नसलेला टाका आणून दिला, तो तुम्हाला रुचला नाही, धावत नाही म्हणालात. मी म्हटलं, "मग मरा." ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुम्ही हात वर करून तिला थांबवलंत आणि म्हणालात, "चांगलं सांगतोय तो. काळजीनं सांगतोय." भाऊजी, त्यातली काळजी किती होती आणि किती होता माझा दोष तुमच्या हट्टावर ढकलायचा खटाटोप, हे मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. आजही नीट येत नाही. माझे सल्ले खोटे नव्हते. मास्क खरा होता, गॅस खरा होता, नवीन टाका खरा होता. त्यांतलं एकही तुम्ही मानलं असतं तर फरक पडला असता. पण जे तुमच्या हट्टावर अवलंबून नव्हतं, फक्त माझ्या एका वाक्यावर होतं, ते मी केलं नाही.

मग एक दिवस गॅसवर दूध उतू जाऊन करपलं आणि तुम्ही तिथेच, हातभर अंतरावर, पेपर वाचत बसला होतात. ताई गच्चीवरून पळत आली. "अहो, नाक कुठे ठेवलंय?" तुम्ही वर बघितलंत, गोंधळून, लहान मुलासारखे. तुम्हाला वास आलाच नव्हता. नंतर कळलं, श्रीखंडातलं केशरही कधीपासून येत नव्हतं, तुम्ही बोलला नव्हतात. वास जाणं ही त्या धातूची एक खूण असते, हे मी वाचलेलं होतं. दातांच्या मुळाशी पिवळट कड दिसते, हेही. त्या दिवशी तुम्ही हसलात तेव्हा मी तुमच्या दातांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पुढचं सगळं इंदूरच्या फेऱ्यांत गेलं. जिना चढताना थांबणं, मग खोली ओलांडताना थांबणं. शेवटच्या आठवड्यात तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो काढून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ताई पायाशी होती.

"शेवटी घातला बघ मास्क," तुम्ही म्हणालात. श्वास घेतलात. मग, "अरुण, तुझा पंखा होता म्हणून एवढी तरी वर्षं मिळाली. नाहीतर मी केव्हाच..."

मी तुमचा मास्क परत तोंडावर ठेवला. "बोलू नका भाऊजी. दम लागतो." माझे हात तुमच्या गालांवर होते. तुम्ही डोळ्यांनी हसलात. मी एक कृतज्ञ माणूस गप्प केला, कारण त्याची कृतज्ञता मला ऐकवत नव्हती. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

सिद्धवटाच्या घाटावर दहावा झाला. तेराव्याला माणसं फार आली म्हणून ताईनं तुमचा फोटो त्याच खोलीत ठेवला, तुमच्या गादीवर, भिंतीला टेकून. पुढ्यात पाट, पाटावर तुमची फुंकणी आणि उदबत्तीचं घर. गर्दीनं उकडायला लागलं. गल्लीतल्या आवाजांमुळे खिडकी लावलेली होती. ताई उठली आणि तिनं पंखा लावला.

मी समोरच बसलो होतो. धूर वीतभर वर चढला, वाकला आणि तुमच्या फोटोवर गेला. काचेवर पसरला, कपाळावरून वर चढला आणि मागच्या रोशनदानातून बाहेर पडला. धुराची एक रेघही इकडेतिकडे नाही. खोलीत कोणीतरी हुंदका दिला. बंसीलालजींनी हात जोडले. "देख लो," ते म्हणाले, "उस्ताद धूप ले रहे हैं." बायकांनी डोळे पुसले. सगळे त्या धुराकडे श्रद्धेनं बघत होते आणि मी एकटा घाबरून. मी उठलो आणि बटण बंद केलं.

"का रे बंद केलास?" ताईनं विचारलं.

"फुलं उडतील," मी म्हटलं.

भाऊजी, तुमच्या फोटोसमोर, तेराव्या दिवशीही, मी फुलांचं नाव घेतलं.

माणसं पांगल्यावर ताई पाटाशी बसून अर्धवट राहिलेला मुकुट हातात घेऊन बघत होती. कडेची नऊ पानं जोडायची राहिली होती. "सोमवारपासून बसणार मी," ती म्हणाली. "मला येतं. गेली दोन वर्षं बारीक टाके मीच देत होते, त्यांचा हात कापायचा." हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं. त्याच गादीवर. "आणि खोली पण मीच झाडते रोज," ती सांगत होती. झाडलेली धूळ तुमच्याकडे टाकत नाहीत, डब्यात साठवतात, ती धुऊन चांदी काढणारा न्यारेवाला येईपर्यंत. म्हणजे कोरड्या झाडूनं उडालेली धूळही तिच्या श्वासात जात होती, ती वेगळीच. मी तिच्या दातांकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "काय बघतोस? घाबरू नकोस, पंखा आहे ना."

तुम्ही म्हणायचात तसंच. तोच सूर.

बोललो असतो तर पुन्हा फुलं, वास, दिवाळी असलं काही निघालं असतं. मी खिडकी लावली, नवीन उदबत्ती पेटवली, पाटावर उभी केली. तुमचा फोटो उचलून बाजूला ठेवला आणि तुमच्या जागेवर बसलो. पंखा लावला. ताई समोर होती. धूर माझ्या तोंडावर आला. मी मान हलवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी बसून राहिलो. ती आधी चिडून बघत होती, वेड लागलंय का म्हणून. मग तिनं धुराकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावर रोशनदानाकडे, मग पाटाकडे. तिला समजायला मला लागला तेवढा वेळ लागला नाही.

तिनं "हे काय" असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सात वर्षं झाली."

"त्या दिवशी. पूजा करत होतास तेव्हा."

"हो."

बाहेर गल्लीत कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजत होता. "दवाखान्यात ते तुझ्या पंख्याला दुवा देत होते," ती म्हणाली. "मी पायाशी बसून ऐकत होते. तू त्यांचं तोंड बंद केलंस." मी मान हलवली. तिनं मला उठवलं. स्वतः गादीवर बसली. मी "नको, ताई" म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही. धूर तिच्या तोंडावर आला. तिनं डोळे मिटले आणि एक श्वास घेतला, जसं काही तुम्ही अकरा वर्षं काय घेत होतात ते तिला एकदा बघायचं होतं. मग खोकली, उठली, पंखा बंद केला.

"उद्या काढ," ती म्हणाली. आणि आत गेली. तिनं मला माफ केलेलं नाही. तसं म्हणून मी तुमच्यापुढे पुण्य मिळवू बघत नाही.

रफीकभाईच आले दुसऱ्या दिवशी. केस पिकलेत त्यांचे. ते पुन्हा गादीवर बसले, पुढे बघितलं, मागे बघितलं. मी त्यांना म्हटलं, "भाई, आपने तब सही कहा था." ते म्हणाले, "साब, मुझे याद है. मैंने सोचा, पढ़े-लिखे आदमी हैं." त्यांनी टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पंखा आता समोरच्या खिडकीत आहे, पाटाच्या उंचीवर, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाशी धूर जाऊ नये म्हणून त्याला पुढे पत्र्याचं नळकांडं लावून छपरावर नेलंय. रोशनदान उघडं ठेवलंय, तिथून हवा आत येते आणि बसणाऱ्याच्या पाठीवरून पुढे जाते. तिथून बंसीलालजींकडे गेलो. त्यांना उदबत्ती दाखवली. ते म्हणाले, "अरे, तेरहवीं पे मैंने ही बोला था, उस्ताद धूप ले रहे हैं." मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. गल्लीच्या टोकाच्या दुकानातही जाऊन आलो. अजून कोणी कोणाचं बघून तसाच पंखा लावला असेल, ते मला माहीत नाही. म्हणून हे छापायला देतोय. जिथे भट्टीमागे, बसणाऱ्याच्या डोक्यावर पंखा असेल, तिथे एक उदबत्ती लावून बघा. आणि तपासणी करून घ्या, ताप येईपर्यंत थांबू नका.

ताई सोमवारी बसली. गॅसची बंदूक, कॅडमियम नसलेला टाका, आणि तुम्ही ज्याची थट्टा केलीत तो मास्क, त्यात नवीन डब्या घालून. टाका हट्टी आहे, दोन पानं तिनं पुन्हा जोडली. खोली आता ओल्या फडक्यानं पुसते, धुळीचा डबा झाकून ठेवते. पाटाशी चहा नाही. काम झालं की साडी बदलून मगच स्वयंपाकघरात. हे सगळं ती मला विचारून करते, एकेक गोष्ट, तुटक आवाजात, जसं दुकानदाराला विचारावं. रोज काम सुरू करण्याआधी ती पाटावर उदबत्ती लावते. मी जाता-येता थांबतो. धूर वाकून पुढे जातो, खिडकीकडे, तिच्यापासून लांब. मी धुराकडे बघत असतो. ती माझ्याकडे बघत असते. धूर दिसेनासा झाला की मास्क चढवते.

हे सगळं आता होतंय. पण आधीची दोन वर्षं यातलं काहीच होत नव्हतं. त्या दोन वर्षांचं या पाकिटात काय लिहिलंय, मला माहीत नाही.

ते उजेडात धरलं तर आतला एखादा आकडा दिसेल, इतका कागद पातळ आहे. दोनदा हात गेला. भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात, तू सांग, तू सांगशील ते करू. तुम्ही ते केलंत. मी सांगितलं नाही.

आता दुपारचे साडेतीन झालेत. ताई पाटाशी बसली असेल. पाकीट तसंच घेऊन जातोय. गादीवर ती असेल, मी खिडकीच्या बाजूला बसेन, पंख्याजवळ. ती मास्क काढेल, पाकीट स्वतः फोडेल आणि मला वाचायला देईल, कारण रिपोर्टातलं इंग्रजी तिला कळत नाही.

जे लिहिलं असेल ते मी मोठ्यानं वाचेन.